पाय पास, डोके नापास

आषाढ सरत आला, पऱ्हाटी वीतभर वर आली, की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शाळांमधून एक निराळाच मोसम सुरू होतो. तो शालेय क्रीडास्पर्धांचा. आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, सेलू, समुद्रपूर, हिंगणघाट आणि वर्धा या आठही तालुक्यांत शिट्ट्या वाजू लागतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग आणि नशीब व फुप्फुसे दोन्ही बरी असली तर राज्य, अशी ती चढण असते. चिखलाने माखलेले पाय, घरून आणलेली भाकरी आणि एकमेकांत वाटून घेतलेले बूट घेऊन पोरे या मोसमात जो आनंद लुटतात, तो त्यांना पुढे उभ्या जन्मात पुन्हा मिळेल की नाही कोण जाणे!

मी आयुष्यभर शाळेत कवायतीचा मास्तर होतो. आता निवृत्त आहे. पण लोक अजून विचारायला येतात, आणि या मोसमात तर दारात चपलांची रांगच लागते. येणाऱ्या पालकांचे ढोबळ मानाने दोन प्रकार. पहिल्याचे म्हणणे, "खेळून का पोट भरते? बारावी होईपर्यंत मैदान बंद." दुसऱ्याचे म्हणणे, "मुलगा खेळाडू आहे, त्याला मार्क मिळतीलच. अभ्यासाचे कशाला मनावर घ्यायचे?" पहिला मुलाला मैदानापासून तोडतो आणि दुसरा पुस्तकापासून. दोघांचेही मुलावर प्रेम असते, आणि दोघेही त्याच एका दारापाशी येऊन अडखळतात. ते दार शाळेचा खेळ आणि कॉलेजचा खेळ यांच्या मध्ये आहे. ते कसे उघडते हे घरात आधीच ठाऊक असले, तर कितीतरी मुलांचे एक वर्ष, आणि काहींचे तर सारे आयुष्यच, वाचेल. आजचा हा लेख त्या दारासंबंधी आहे.

इमारत कॉलेजची, खेळ शाळेचा

आधी एक गंमत सांगतो. आपला मुलगा दहावी होऊन अकरावीत गेला की आपण चारचौघांत सांगतो, "आता तो कॉलेजात आहे." त्यात खोटे काही नाही. इमारत कॉलेजची, गणवेशाची सक्ती सैल, सायकल जाऊन तिच्या जागी दुचाकीचा हट्ट. पण खेळाच्या दप्तरात हा मुलगा अजून शाळकरीच असतो! पूर्वी मॅट्रिक झालेला मुलगा सरळ कॉलेजात जाई आणि त्याच वर्षी कॉलेजच्या संघात खेळे. सत्तरीच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन असा शिक्षणाचा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावीची दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयाची ठरली. ही दोन वर्षे खेळाच्या हिशेबात शाळेकडेच राहिली.

शालेय खेळांची देशव्यापी संघटना १९५४ साली स्थापन झाली. तिच्या स्पर्धा वयाच्या तीन पायऱ्यांवर चालतात : १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील आणि १९ वर्षांखालील. अकरावी-बारावीची मुले यातल्या शेवटच्या पायरीवर. तिथे अटी मुख्यतः दोन : वय बसले पाहिजे आणि मूल त्या शाळेचे नियमित विद्यार्थी असले पाहिजे.

विद्यापीठाचा खेळ सुरू होतो तो बारावी उत्तीर्ण होऊन पदवीच्या पहिल्या वर्षात नाव दाखल झाल्यावर. वर्ध्याचे जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालय घ्या, नाहीतर हिंगणघाटचे बिडकर महाविद्यालय घ्या. आमच्या जिल्ह्यातली अशी कॉलेजे नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. हे विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले आणि आता ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. कॉलेजे आपसांत खेळतात, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. ज्याची निवड झाली तो 'कलर होल्डर'. हा शब्द आमच्याकडे खेड्यातल्या पोरालाही माहीत असतो, आणि तो उच्चारताना त्याचा आवाज अर्ध्या सुराने तरी चढतोच.

विद्यापीठाच्या संघापुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा. आपल्या देशात या खेळांना मोठी परंपरा आहे. विद्यापीठांची मध्यवर्ती संस्था १९२५ ची. क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ पासूनचा. आणि खेळात सर्वांत सरस ठरणाऱ्या विद्यापीठाला मिळणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासूनचा. अलीकडे, २०२० साली भुवनेश्वरला 'खेलो इंडिया'चे विद्यापीठ खेळही सुरू झाले. म्हणजे त्या दारापलीकडे रिकामे माळरान नाही; चांगला मोठा वाडा आहे.

दारावरचा पहारेकरी काय विचारतो?

पालक मला हमखास विचारतात, "सर, कॉलेजच्या संघात यायला किती टक्के लागतात?" मी सांगतो, टक्के लागत नाहीत. ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो. मग मी पुढचे वाक्य सांगतो आणि तो पुन्हा मावळतो.

आंतरविद्यापीठ स्पर्धांचा पहारेकरी मार्कांची टक्केवारी विचारीत नाही; तो वेगळेच प्रश्न विचारतो. तू बारावी उत्तीर्ण आहेस का? कोणत्या साली झालास? तू पूर्ण वेळ शिकणारा नियमित विद्यार्थी आहेस, की कुठे पूर्ण वेळ नोकरी करून नावापुरता कॉलेजात आहेस? तुझा अभ्यासक्रम निदान एका शैक्षणिक वर्षाचा आहे का, आणि त्याची परीक्षा विद्यापीठ घेते का? तुझे वय पंचविशीच्या आत आहे का? पदवीच्या प्रवेशाला पात्र करणारी परीक्षा उत्तीर्ण होऊन तुला आठ वर्षांहून अधिक काळ तर झाला नाही? याच वर्षी तू दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाकडून तर खेळला नाहीस? ही सारी उत्तरे एका छापील पात्रता-पत्रकात भरावी लागतात. त्यावर जन्मतारीख असते, बारावीचे साल असते, प्रवेशाचे साल असते. धावण्याची वेळ किंवा उडीची लांबी त्या पत्रकात कोठेच नसते!

नीट पाहिले तर या प्रत्येक प्रश्नामागे एक जुनी लबाडी दडलेली आहे. चांगला खेळाडू हेरून त्याचे नाव नुसते हजेरीपटावर चढवायचे, त्याला एकदाही वर्गात न बसवता करंडक आणायचा, पुढल्या वर्षी दुसऱ्या कॉलेजने तोच खेळाडू पळवायचा, हा मोह कॉलेजांना जगात सर्वत्र पडत आला आहे. विद्यापीठाचा संघ हा विद्यार्थ्यांचा संघ आहे, भाडोत्री पहिलवानांचा नव्हे, एवढेच हे नियम सांगतात. माझ्या मते त्यांत अन्याय नाही. अन्याय आहे तो दुसरीकडे. हे नियम ज्याच्यासाठी आहेत त्याच्या कानावर ते योग्य वेळी पडतच नाहीत.

दोन दारांमधली वळचण

हिंगणघाटच्या पलीकडल्या एका खेड्यातली एक मुलगी. नाव सांगत नाही. ते तिचे तिच्याजवळ राहू द्या. आठशे मीटर धावायची. जिल्ह्यात पहिली, विभागात चौथी. तिच्या धावण्यात एक सहजपणा होता. शेवटच्या दोनशे मीटरांत इतर मुलींचे खांदे वर येत, हिचे येत नसत. दहावीला बरे मार्क पडले म्हणून घरच्यांनी तिला सायन्सला घातले, कारण आपल्याकडे हुशार मूल सायन्सला जाते असा शास्त्रार्थ आहे. बारावीत गणित आणि इंग्रजी दोन्ही राहिले. गणितात तर सोळा मार्क. सवलतीची फळी टाकूनही ती दरी ओलांडता आली नसती.

निकालानंतर महिन्या-दीड महिन्यात पुरवणी परीक्षा असते. मुलांचे वर्ष वाया जाऊ नये एवढ्यासाठीच ती असते. पण तिचा अर्ज निकालानंतर लगोलग भरावा लागतो. घरात कोणाला हे ठाऊक नव्हते. पेरणीचे दिवस, बाप शेतात, आणि पोरगी तोंड लपवून घरात. ती दोघे माझ्याकडे आली तेव्हा श्रावण निम्मा सरला होता आणि पुरवणी परीक्षा होऊनही गेली होती. बापाने पिशवीतून प्रमाणपत्रे काढली, एकेक करून माझ्यापुढे मांडली आणि म्हणाला,

"सर, इचे पाय तं पास झाले नं जी? डोकं नापास झालं. मंग पायाले काऊन शिक्षा?"

मी मास्तरकीत पुष्कळ प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. या प्रश्नाला चटकन उत्तर सुचले नाही.

कारण त्या मुलीची स्थिती खरोखर विलक्षण होती. ती आता कनिष्ठ महाविद्यालयाची नियमित विद्यार्थिनी नव्हती. तेव्हा शालेय स्पर्धा संपल्या. ती बारावी उत्तीर्ण नव्हती. तेव्हा विद्यापीठाच्या स्पर्धा सुरू झाल्या नव्हत्या. एका घराचे दार मागे लागलेले, दुसऱ्याचे उघडलेले नाही, आणि मधल्या वळचणीला ही उभी. ॲथलेटिक्स संघटनांच्या खुल्या स्पर्धा तिला मोकळ्या होत्या, कारण तिथे वय पाहतात, बारावी नव्हे. पण तिथे जायला खर्च स्वतःचा, सोबत स्वतःची, आणि खेड्यातल्या नापास झालेल्या मुलीला 'स्पर्धेला जाते' म्हणून एकटी बाहेर पाठवणारे घर शोधूनच काढावे लागते. मुलाचे वर्ष गेले तर लोक म्हणतात, 'एक वर्ष गेले.' मुलीचे वर्ष गेले की पाहुणे पोहे खायला येतात. त्या वर्षात तिच्याकडे तीनदा पाहुणे आले.

मुलगी हट्टी निघाली हे तिचे भाग्य. पुढल्या फेब्रुवारीत तिने दोन्ही विषय सोडवले, बी. ए. ला नाव घातले आणि पुन्हा कॉलेजच्या मैदानावर आली. पण मधल्या वर्षात सराव सुटला होता. तो सहजपणा परत यायला दोन हंगाम लागले. सध्या ती पोलीस भरतीच्या तयारीत आहे. आणि गंमत पाहा, तिच्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर त्या भरतीच्या जाहिरातीतच छापलेले असते. महाराष्ट्रात पोलीस शिपाई होण्यासाठी मुलींना मैदानी चाचणीत धावावे लागते ते नेमके आठशे मीटर. मैदानाचे गुण ५० आणि लेखी परीक्षेचे १००. आणि मुळात अर्ज करायचा तर बारावी उत्तीर्ण असावे लागते. पायांना शिक्षा कोणी करीत नाही. पण पाय आणि डोके एकाच उमेदवाराचे आहेत, हे जग गृहीत धरून चालते.

सवलतीचे मार्क : शिडी की पाळणा?

आता त्या दुसऱ्या प्रकारच्या पालकांकडे वळतो. "खेळाडूला मार्क मिळतात ना?" हो, मिळतात. आपल्या राज्यात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण देण्याची पद्धत आहे. खेळाच्या पातळीप्रमाणे ते कमी-जास्त असतात आणि त्यांची कमाल मर्यादा २५ आहे. शाळेने प्रस्ताव करायचा, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याने प्रमाणपत्रे तपासायची आणि मग ते विभागीय मंडळाकडे जायचे, असा त्याचा मार्ग. वर्ध्याचे प्रस्ताव नागपूरच्या विभागीय मंडळाकडे जातात. त्याला मुदत असते. मुदतीनंतर सुवर्णपदकाची किंमत घरातल्या खिळ्याला टांगण्याइतकीच उरते.

ही सवलत योग्यच आहे. जे मूल ऐन दिवाळीत बालेवाडीच्या मैदानावर महाराष्ट्रासाठी घाम गाळते, त्याचे बुडालेले तास कोठेतरी भरून निघाले पाहिजेत. पण तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. ती घसरलेल्याला हात देणारी शिडी आहे. निजलेल्याला जोजवणारा पाळणा नव्हे. आणि ती चालते फक्त मंडळाच्या परीक्षेपुरती. पदवीला गेल्यावर पहिल्या सत्राच्या पेपरात तीच इंग्रजी आणि तोच हिशेब पुन्हा समोर उभा राहतो. सवलतीच्या आधाराने बारावीचा उंबरा ओलांडलेली आणि पहिल्या वर्षातच कॉलेज सोडून गेलेली चांगली खेळाडू मुले मी पाहिली आहेत. कॉलेज सुटले की नियमित विद्यार्थी हे नाते सुटते, आणि ते सुटले की संघही सुटतो.

नोकरीचेही तेच. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण दिले. पुष्कळ घरांत याच एका वाक्यावर सारी भिस्त असते. पण त्या राखीव जागेवर अर्ज करतानाही त्या पदाला लागणारे शिक्षण असावेच लागते. पदवीची जागा असेल तर पदवी हवी. पदकाने रांग लहान होते. रांगेत उभे राहण्याचा परवाना मात्र शाळा-कॉलेजच देते.

सातासमुद्रापलीकडे

आपल्याकडेच हे जाच आहेत असे कोणी समजू नये. कॉलेजच्या खेळाचे सर्वांत मोठे साम्राज्य अमेरिकेत आहे. तिथल्या कॉलेजांच्या सामन्यांना लाखभर प्रेक्षक जमतात, आणि खेळाडूला शिष्यवृत्तीवर शिक्षण मिळते. त्या खेळांवर १९०६ साली स्थापन झालेल्या एका राष्ट्रीय संस्थेची हुकमत चालते. आपला उंच उडीतला राष्ट्रीय विक्रमवीर तेजस्विन शंकर २०१७ साली अशाच शिष्यवृत्तीवर कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठात गेला आणि २०१८ व २०२२ अशी दोनदा तिथल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत अजिंक्य ठरला. तेव्हा आपल्या मराठी घरांतूनही आता टेनिस, पोहणे, स्क्वॉश खेळणाऱ्या मुलांचे पालक तिकडे डोळे लावून असतात.

त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथला पहारेकरी आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहे. वरच्या श्रेणीच्या कॉलेजात खेळायचे तर नववी ते बारावीच्या चार वर्षांत भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्रे अशा सोळा मुख्य विषयांचा अभ्यास पुरा झालेला लागतो. त्यांतले दहा शेवटचे वर्ष सुरू होण्याआधी संपलेले लागतात, आणि त्या दहांपैकी सात भाषा, गणित व विज्ञान यांतले. चारांपैकी सरासरी गुणांक निदान २.३ हवा. थोडक्यात, तिथे बारावीच्या निकालानंतर जागे होऊन उपयोग नाही. नववीतच जागे व्हावे लागते. टेक्सास राज्याने तर १९८४ साली 'पास नाही तर खेळ नाही' असा कायदाच केला. एका विषयात शंभरांत सत्तरच्या खाली आले की शाळेच्या संघातून काही आठवडे सुट्टी!

पण या कडकपणावर तिथेही मोठे रण माजले. १९८६ पासून तिथे मुख्य विषयांच्या सरासरीबरोबर एका प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी ७०० गुणांची अट घातली गेली. तिचा फटका सर्वांत जास्त बसला तो गरीब वस्त्यांतल्या, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांना. कारण त्यांच्या शाळाच दुबळ्या होत्या. पुढे नियम आणखी आवळून अशा मुलांची शिष्यवृत्तीच काढून घेण्याचे ठरले, तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांनी जानेवारी १९८९ मध्ये सामना सुरू होण्याच्या क्षणी मैदान सोडले. त्यांचा अभ्यासाला विरोध नव्हता. एका दिवसाच्या परीक्षेवर गरीब मुलाचे भवितव्य तोलू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या प्रवेशपरीक्षेची अट अखेर जानेवारी २०२३ मध्ये रद्द झाली. चार वर्षांच्या अभ्यासाची अट मात्र कायम राहिली.

मला या कथेत आपल्यासाठी धडा दिसतो. रोजच्या अभ्यासाची अट रास्त. पण ती घालणाऱ्याने मुलाला शिकवण्याचीही जबाबदारी घेतली पाहिजे. सकाळी सहाला मैदानावर आलेले, दिवसभर शाळेत बसलेले आणि संध्याकाळी पुन्हा सरावाला जाणारे मूल रात्री गणिताच्या वहीवर डुलक्या घेते, तेव्हा दोष त्याच्या डोक्याचा नसतो.

खाशाबांचे कॉलेज

"पण सर, मोठे खेळाडू का कॉलेजमुळे मोठे होतात?" असेही कोणी विचारते. मी त्यांना खाशाबा जाधवांची आठवण देतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पहिलवान कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकात सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकाला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. खाशाबांनी तिथून कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले.

लोक या कथेतले पदक पाहतात. मी त्यातले प्राचार्य पाहतो. कॉलेज म्हणजे नुसते मैदान नव्हे. मुलाच्या पाठीशी उभा राहणारा एखादा मोठा माणूस तिथे भेटण्याची शक्यता असते. गावच्या तालमीतल्या मुलाला हा माणूस भेटायचा तर आधी कॉलेजात पाऊल पडले पाहिजे.

वर्ध्याने सांगितलेली गोष्ट

आणि हे सारे वर्ध्यात बसून लिहिताना एक आठवण टाळता येत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी याच गावात, मारवाडी विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली देशभरचे शिक्षणतज्ज्ञ जमले होते. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि त्याच्या केंद्रस्थानी हाताने करायचे उत्पादक काम, असे त्यांनी ठरविले. आणि पुढे झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. 'वर्धा योजना' म्हणून ती देशभर गाजली. हात एकीकडे आणि डोके दुसरीकडे असे शिक्षण नको, हा तिचा गाभा. योजनेचे पुढे काय झाले तो निराळा विषय. पण ज्या गावात हे बोलले गेले, त्याच जिल्ह्यात आज बारावीच्या मुलाच्या घरी मैदानाला कुलूप लावतात, आणि खेळाडू मुलाच्या घरी पुस्तकाला. चरख्यावरचा हात आणि ट्रॅकवरचा पाय यांत मला तरी फारसा फरक वाटत नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात खेळ आणि आरोग्य यांनाही श्रेयांक दिले आहेत. विद्यापीठाने अर्धे पाऊल मैदानाकडे टाकले आहे; उरलेले अर्धे घराने टाकायचे आहे.

घराने करावयाची कामे

ती कामे अवघड नाहीत. मुलाचा जन्मदाखला, आधारपत्र आणि शाळेचा दाखला यांवरची जन्मतारीख एकच आहे ना, हे आठवी-नववीतच पाहून घ्यावे. ऐन निवडीच्या वेळी तारखेच्या घोळाने घरी परतलेली मुले मी बघितली आहेत. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र त्याच दिवशी एका फायलीत लावावे आणि त्याच्या दोन नकला काढून ठेवाव्यात. अकरावीची शाखा शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून नव्हे, तर आपल्या मुलाचे मैदानावरचे तास मोजून निवडावी. कला आणि वाणिज्य शाखेतूनही विद्यापीठाचा संघ तितकाच जवळ आहे. शालेय स्पर्धांचा जोर पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत असतो आणि मंडळाच्या परीक्षा त्यानंतर येतात. म्हणून बारावीच्या वर्षी अवघड विषयाची पहिली उजळणी उन्हाळ्याच्या सुट्टीतच उरकावी. वर्ध्याच्या वैशाखात दुपारी मैदानावर जाणे तसेही शहाणपणाचे नाही.

आणि एवढे करूनही विषय राहिलाच, तर रडणे एका दिवसात संपवावे आणि दुसऱ्या दिवशी पुरवणी परीक्षेचा अर्ज भरावा. त्या एका अर्जाने वर्ष वाचते. मधल्या काळात सराव बंद करू नये. घरच्यांनी तो बंद पाडू नये. नापास मुलाच्या पायांतली ताकद काढून घेतल्याने गणित सुधारत नाही.

शाळांनाही एक सुचवितो, आणि ते बिनखर्चाचे आहे. जिल्ह्याच्या संघात निवडल्या गेलेल्या मुलांची यादी शाळा मोठ्या कौतुकाने सूचनाफलकावर लावते. त्याच यादीशेजारी आणखी एक कागद लावावा : सवलतीच्या गुणांच्या प्रस्तावाची मुदत, पुरवणी परीक्षेच्या अर्जाची तारीख, पदवीच्या प्रवेशाची तारीख आणि विद्यापीठाच्या पात्रतेचे चार नियम, सोप्या मराठीत. आमच्याकडचा पालक शेतातून थेट शाळेत येतो, चप्पल बाहेर काढतो आणि फलकावरची अक्षरे बोट ठेवून वाचतो. त्याला वाचायला तिथे काहीतरी असले पाहिजे.